पास्त्याला पाणी किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून पास्त्याबद्दल जे प्रश्न येत राहतात, त्यांतले निम्म्याहून जास्त पाण्याशी येऊन थांबतात. चिकटला, उतू गेला, फुटला, अळणी झाला, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ पाण्यातच असतं. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे पास्ता म्हणजे पाकिटात मिळणारा, वाळवलेला, गव्हाच्या रव्याचा पास्ता.

१. पास्ता शिजवायला नेमकं किती पाणी घ्यायचं?

रोजच्या स्वयंपाकाला १०० ग्रॅम पास्त्यामागे अर्धा लिटर पाणी पुरतं. चार माणसांना ३०० ते ४०० ग्रॅम पास्ता लागतो, म्हणजे दीड ते दोन लिटर पाणी. एकट्यापुरता १०० ग्रॅम करायचा असेल तर मात्र पाऊण लिटर घ्या, कारण थोडं पाणी भांड्याच्या तळाशी पसरतं आणि पास्ता उघडा पडतो.

भाताचं पाणी आपण बोटाच्या पेराने बघतो, तशी इथेही एक खूण आहे. पास्ता घालून एकदा ढवळला की त्याच्यावर दोन बोटं पाणी दिसलं पाहिजे. तेवढं असेल तर लिटरचा हिशेब विसरलात तरी चालेल.

हे पाणी जातं कुठे? १०० ग्रॅम कोरडा पास्ता शिजून २१० ते २३० ग्रॅम होतो, म्हणजे सव्वाशे मिलीच्या आसपास पाणी तो स्वतः पितो. रुंद भांड्यात दहा मिनिटं खळखळ उकळलं तर आणखी एक मोठी वाटी वाफेत जाते. उरलेलं पाणी पास्त्याला सुटं फिरायला जागा देतं आणि शेवटी सॉसला कामी येतं (प्रश्न १५).

२. पण पाकिटावर १०० ग्रॅमला १ लिटर लिहिलंय. मग ते चूक का?

चूक नाही, सैल हाताने दिलेलं माप आहे. इटलीत जुना हिशेब असा: १०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ. भरपूर पाण्यात पास्ता पडला की उकळी फारशी मोडत नाही, तुकडे एकमेकांपासून लांब राहतात, आणि कुणी ढवळायला विसरलं तरी निभावून जातं. पाकीट छापणाऱ्याला तुमचं भांडं माहीत नाही, शेगडी माहीत नाही, म्हणून तो सगळ्यांना चालेल असं माप देतो.

हे माप खरंच लागतं का, हे अनेकांनी तपासून पाहिलं आहे. स्वयंपाकामागच्या शास्त्रावर लिहिणारे अमेरिकन लेखक हॅरल्ड मॅगी यांनी २००९ मध्ये साधारण साडेचारशे ग्रॅम पास्ता दीड लिटरहूनही कमी पाण्यात, तोही थंड पाण्यापासून सुरुवात करून शिजवून दाखवला. तो व्यवस्थित शिजतो. अट एकच, ढवळणं जास्त लागतं. आम्ही सांगतो तो अर्धा लिटर या दोन टोकांच्या मधला आहे. घाईच्या स्वयंपाकातही बिघडत नाही आणि पाणीही वाया जात नाही. पूर्ण लिटर कधी हवाच, ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहे.

३. घरी वजनकाटा नाही. वाटीच्या मापात सांगा.

आमटीची मध्यम वाटी (साधारण १५० मिलीची) पेने (तिरक्या कापलेल्या नळ्यांचा पास्ता) किंवा मॅकरोनीने सपाट भरली की ६० ग्रॅमच्या आसपास पास्ता बसतो. तेवढ्याला दोन वाट्या पाणी. सोपा हिशेब म्हणजे एक वाटी पास्ता, दोन वाट्या पाणी, आणि शेवटी सगळ्याला मिळून एक वाटी वर. वाटी लहान-मोठी असली तरी प्रमाण तेच राहतं.

स्पॅगेटी वाटीत मावत नाही. तिची जुडी मुठीत घट्ट धरा आणि टोकाकडून बघा. एक रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ दिसलं तर ती साधारण १०० ग्रॅम. तांब्यावर भरवसा ठेवू नका, घरातले दोन तांबे सारख्या मापाचे नसतात. पाण्याच्या रिकाम्या १ लिटरच्या बाटलीने एकदा आपलं भांडं भरून बघा, कुठपर्यंत येतं ते ध्यानात ठेवा, पुन्हा मोजावं लागणार नाही.

४. पाणी कमी घेतलं की पास्त्याचा गोळा होतो. म्हणजे पाणी कमी पडलं ना?

बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं नसतं, पहिल्या दोन मिनिटांत ढवळणं राहून गेलेलं असतं.

पास्ता गरम पाण्यात पडला की सगळ्यात आधी त्याचा पृष्ठभाग भिजतो. तिथलं पिठूळ सत्त्व, म्हणजे स्टार्च, फुगतं आणि खळीसारखं चिकट होतं. त्याच क्षणी दोन तुकडे एकमेकांना टेकून निवांत पडले असतील तर ती खळ त्यांना जोडून टाकते आणि पुढे दोन्ही तसेच, जोडलेलेच शिजतात. दोन-तीन मिनिटांनंतर ही वरची खळ बरीचशी पाण्यात उतरते, पृष्ठभाग घट्ट होतो आणि चिकटण्याचा धोका संपतो.

म्हणून पास्ता घातल्याबरोबर लाकडी चमच्याने किंवा उलथन्याने तळापासून उचलून ढवळा. पहिली दोन मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला, नंतर दोन-दोन मिनिटांनी एकदा. नुसतं वर वर फिरवू नका. तळाशी पडलेला थर सर्वांत आधी चिकटतो, आणि पातळ बुडाच्या ॲल्युमिनियमच्या भगोण्यात तर तो लागतोही. पूर्ण लिटर पाणी घेऊनही पहिल्या दोन मिनिटांत हात लावला नाही तर गोळा होतोच. त्यामुळे पाणी वाढवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

५. मीठ किती आणि कधी घालायचं? पाणी कमी तर मीठही कमी का?

मीठ पाण्याच्या हिशेबाने घालायचं, पास्त्याच्या नाही. पाणी गाळून टाकणार असाल तर लिटरला ८ ते १० ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा ६ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे लिटरला दीड चमचा. खडे मीठ चमच्यात पोकळ बसतं, त्यामुळे ते चमच्याने मोजू नका, मुठीच्या अंदाजाने घालून पाणी चाखा. चव नीट मीठ घातलेल्या रश्शासारखी लागली पाहिजे.

चूक होते ती इथे: पाणी निम्म्यावर आणलं, पण मीठ सवयीने पूर्वीएवढंच पडलं. मग पास्ता खारट होतो आणि राखलेलं पाणी सॉसमध्ये घातल्यावर सॉस खारट होतो. पाणी निम्मं तर मीठही निम्मं. सॉसमध्ये बरंच पाणी ओतणार असाल, किंवा चीज घालणार असाल, तर लिटरला ७ ग्रॅमवरच थांबा.

पाण्यातलं सगळं मीठ पोटात जात नाही. पास्ता जेवढं पाणी पितो तेवढंच मीठ घेतो, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यामागे १ ग्रॅमच्या थोडं वर. घरात रक्तदाबाचं कुणी असेल आणि डॉक्टरांनी मीठ मोजून खायला सांगितलं असेल, तर हा आकडा धरून चाला.

मीठ उकळी आल्यावर घाला. आधी घातलेलं खडे मीठ स्टीलच्या तळाशी बसून राहिलं तर तिथे बारीक पांढरे डाग पडतात. मिठाने पाणी जास्त तापतं ही समजूत मात्र सोडून द्या. लिटरला १० ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू ०.२ अंशसुद्धा वाढत नाही. मीठ चवीसाठीच आहे.

६. पाण्यात तेल घातलं की पास्ता सुटा होतो का?

नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि पास्ता पाण्याखाली असतो. गाळताना मात्र तेच तेल पास्त्याला लागतं आणि सॉस त्यावरून घसरतो, ताटात खाली रस्सा आणि वर कोरडा पास्ता अशी गत होते. तेलाचा खरा उपयोग दोनच ठिकाणी: कुकरमध्ये फेस दाबायला (प्रश्न ११) आणि गाळून ठेवलेल्या पास्त्याला (प्रश्न १७).

७. पास्ता थंड पाण्यात घालून गॅस लावला तर चालतो?

चालतो, पण लहान आकाराच्या वाळवलेल्या पास्त्यालाच: पेने, मॅकरोनी, पिळाची फुसिली, शिंपल्याच्या आकाराचा. पास्ता आणि पाणी एकदमच भांड्यात घ्या, मीठ घाला, मोठ्या आचेवर ठेवा. पाणी कोमट झाल्यापासून उकळी येईपर्यंत दर मिनिटाला ढवळा, कारण चिकटण्याची जी वेळ प्रश्न ४ मध्ये सांगितली ती इथे लांबते. पाणी तापत असतानाच पास्ता भिजत राहतो, म्हणून उकळी आल्यावर पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधीच चाखायला लागा.

स्पॅगेटी, लसान्याच्या पट्ट्या आणि ताजा पास्ता थंड पाण्यात कधीच घालू नका. पहिल्या दोहोंची चवड चिकटते, तिसरा विरघळायला लागतो.

८. बेळगावात पाकिटावरच्या वेळेत पास्ता शिजत नाही. पाणी वाढवू का?

वेळ वाढवा, पाणी नको. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. उंची दर ३०० मीटरनी वाढली की पाणी साधारण १ अंश आधी उकळतं. म्हणजे आपल्याकडे खळखळ उकळणारं पाणी १०० नव्हे, साडेसत्त्याण्णव अंशांच्या जवळ असतं. आच कितीही मोठी केली तरी ते त्याहून तापत नाही, फक्त लवकर आटतं. दहा मिनिटांच्या पास्त्याला मिनिटभर, फार तर दीड मिनिट जास्त द्या.

घड्याळापेक्षा कापून बघणं खात्रीचं. एक पेने बाहेर काढून सुरीने आडवी कापा. नळीच्या भिंतीच्या मधोमध खडूसारखी पांढरी रेघ दिसते. ती ठळक असेल तर अजून दोन मिनिटं. केसाएवढी, तुटक राहिली की गॅस बंद करायचा, कारण गाळून सॉसमध्ये जाईपर्यंत ती आपोआप जिरते. रेघ पूर्ण गेल्यावर बंद केलात तर ताटात येईपर्यंत पास्ता मऊ पडलेला असेल.

९. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. त्यात पास्ता जास्त चिकट होतो, हा भास आहे का?

भास नाही. जड पाण्यात विरघळलेले क्षार ते अल्कधर्मी करतात. अशा पाण्यात पास्त्याचा पृष्ठभाग लवकर सुटतो, स्टार्च जास्त बाहेर पडतं, पाणी गढूळ होतं आणि पास्ता चिकट लागतो. किंचित आंबटपणाकडे झुकणाऱ्या पाण्यात उलट होतं, पृष्ठभाग टिकतो. म्हणून लिटरभर पाण्यात अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घाला. चव कळत नाही, फरक दिसतो. त्याहून जास्त घालू नका, आंबट पाण्यात पास्ता शिजायलाच वेळ लावतो.

आपलं पाणी जड आहे का, हे पातेलं सांगतं. उकळलेल्या पाण्याचा पांढरा पापुद्रा आतून चढत असेल तर जड. बेळगाव शहराच्या नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते धरणाचं असल्यामुळे हा त्रास सहसा होत नाही. पास्ता हे पाणी पितो आणि आपण ते सॉसमध्येही घालतो, म्हणून नेहमी पिण्याचंच पाणी घ्या, धुण्याभांड्याचं नको.

१०. नळाला रोज पाणी येत नाही, सिलिंडरही महाग. कमीत कमी पाण्यात आणि गॅसमध्ये कसं भागवायचं?

आधी हिशेब बघा, कारण खर्च कुठे होतो ते त्यात दिसतं. १ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळायला साधारण ३०० किलोज्यूल उष्णता लागते. शेगडीच्या उष्णतेपैकी दोन-तृतीयांश भांड्यात उतरते असं धरलं, तर लिटरला १० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. ४०० ग्रॅम पास्ता ४ लिटर पाण्यात केला तर नुसत्या उकळीलाच ४० ग्रॅम गॅस आणि पंधरा-वीस मिनिटं. २ लिटरमध्ये केला तर २० ग्रॅम आणि आठ-दहा मिनिटं. पाणी निम्मं केलं की गॅस आणि वेळ दोन्ही निम्म्यावर येतात, आणि गाळून ओतून द्यायचं पाणीही दोन लिटरने वाचतं.

यापुढे जाऊन तीन गोष्टी करता येतात.

पहिली, उकळी येईपर्यंत झाकण घट्ट ठेवा. पास्ता घातल्यावर मात्र ते किंचित सरकवा. स्टार्चमुळे फेस टिकून राहतो आणि झाकलेलं भांडं क्षणात उतू जातं. भांड्याचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवा आणि खळखळ उकळी सोडून मध्यम आचेवर आणा. पाणी जेमतेम उकळत राहिलं तरी पास्ता तेवढ्याच वेळात शिजतो.

दुसरी, गॅस बंद करून शिजवणं. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले इटलीचे जॉर्जो पारिसी यांनी २०२२ मध्ये ही पद्धत पुढे केली तेव्हा त्यांच्या देशात बराच वाद झाला, पण तत्त्व खरं आहे. गव्हाचं स्टार्च शिजायला उकळीच हवी असं नाही, ८० अंशांच्या वर राहिलेलं पाणी पुरतं. पास्ता घालून ढवळा, दोन मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून घट्ट झाकण लावा. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त ठेवा आणि मध्ये एकदाच उघडून ढवळा. यासाठी पाणी निदान एक लिटर आणि भांडं जाड बुडाचं हवं. अर्धा लिटर पाणी पातळ भांड्यात पटकन निवतं आणि पास्ता आतून पिठूळ राहतो.

तिसरी, भिजत घालणं. पास्ता तासभर ते दीड तास थंड पाण्यात बुडवून ठेवला की लागेल तेवढं बरंचसं पाणी तो आधीच पितो. नंतर उकळत्या पाण्यात किंवा थेट उकळत्या पातळ सॉसमध्ये दोन मिनिटांत तयार. भिजवताना सुरुवातीला एक-दोनदा हलवा. उन्हाळ्यात भिजवण फ्रिजमध्येच ठेवा.

११. कुकरमध्ये करता येतो का? किती शिट्ट्या?

एक शिट्टी, तीही लहान आणि जाड पास्त्यालाच. तीन लिटरच्या कुकरला हे माप: २०० ग्रॅम पेने किंवा मॅकरोनी, ४५० मिली पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा तेल. चांगलं ढवळा, झाकण लावा, मोठ्या आचेवर एक शिट्टी होऊ द्या आणि लगेच बंद करा. तीन-चार मिनिटं थांबून शिट्टी चमच्याने हळूहळू उचलून वाफ सोडा. आपोआप दाब उतरायची वाट बघत बसलात तर तेवढ्या वेळात पास्ता गळून जातो.

मीठ इथे कमी आहे, कारण जवळजवळ सगळं पाणी पास्त्यातच जिरतं, गाळायला काही उरत नाही.

कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. स्टार्चचा फेस वर चढून शिट्टीच्या नळीत अडकतो आणि वाफेची वाट बंद झाली तर ते धोक्याचं आहे. पास्ता केल्यावर दर वेळी नळीतून पाणी आरपार जातंय का ते बघून घ्या. ज्या पास्त्याच्या पाकिटावर आठ मिनिटांहून कमी वेळ लिहिला आहे, तो कुकरला लावूच नका.

१२. सगळ्या पाकिटांना सारखंच पाणी का? सुट्या पास्त्याचा तर लगदा होतो.

पास्ता कशाचा आहे त्यावर पाणी आणि वेळ दोन्ही ठरतात. चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. हा गहू आपल्याला परका नाही. उपम्यासाठी आपण जो पिवळसर, कणीदार बन्सी रवा आणतो तो ड्युरमचाच. त्याच्यातली प्रथिनं घट्ट जाळी धरतात आणि स्टार्च आत अडकवून ठेवतात, म्हणून उपमा मोकळा होतो आणि पास्ता आकार सोडत नाही. अशा पास्त्याला अर्धा लिटरचं माप निर्धास्त लावा.

साध्या गव्हाच्या रव्याचा किंवा मैदा मिसळलेला सुटा पास्ता फिकट पांढरा दिसतो, पाणी लगेच दुधाळ करतो आणि कच्चा व मऊ यांत जेमतेम मिनिटाचं अंतर ठेवतो. त्याला १०० ग्रॅममागे पाऊण ते एक लिटर पाणी, पाचव्या मिनिटापासून चाखायला सुरुवात.

तांदळाचा, मक्याचा किंवा निव्वळ नाचणीचा पास्ता ग्लुटेनशिवाय असतो, म्हणजे ती जाळीच नसते. इथे पूर्ण एक लिटर घ्या. फेस भरपूर येतो, ढवळताना तुकडे मोडतात, म्हणून हात हलका ठेवा आणि गाळल्यावर एकदा गरम पाण्याचा हबका मारा. गव्हाचं पथ्य असणाऱ्यांनी पाकिटावरचे घटक वाचूनच घ्यावेत, पुढे नाचणीचं नाव आणि आत गव्हाचा रवा असं पुष्कळदा असतं.

१३. घरी केलेल्या ताज्या पास्त्याला आणि लसान्याला किती?

पूर्ण एक लिटर, जमलं तर जास्त. ताज्या पास्त्यावर भुरभुरलेलं पीठ पाण्यात उतरून त्याची पेज होते. शिवाय तो दोन ते चार मिनिटांतच शिजतो, त्यामुळे मोडलेली उकळी परत यायला वेळच मिळत नाही. पीठ आधी झटका, थोडा थोडा घाला. सारण भरलेल्या रॅव्हिओलीला रुंद भांडं आणि संथ उकळी, नाहीतर कडा सुटतात. लसान्याच्या पट्ट्या एका वेळी तीन-चारच, आणि एक पाण्याखाली गेल्यावर दुसरी.

१४. शेवयांच्या उपम्यासारखं मोजून पाणी घालून, न गाळता, मसाल्यातच करता येईल का?

येईल, आणि आपल्या हाताला हीच पद्धत सर्वांत जवळची आहे. २०० ग्रॅम पेनेला रुंद कढईत ५५० ते ६०० मिली उकळतं पाणी लागतं. फोडणीत कांदा, लसूण, भाज्या परता, पास्ता घालून दोन मिनिटं तसाच परता, मग पाणी आणि पाऊण छोटा चमचा मीठ (मसाल्यात मीठ असेल तर अर्धाच). अर्धवट झाकून मध्यम आचेवर ठेवा, दोन-दोन मिनिटांनी तळापासून हलवा. पाणी आटता आटता पास्ता शिजतो आणि उरलेला थोडा रस अंगाबरोबर घट्ट होतो.

पाणी आटलं तरी पांढरी रेघ दिसतेय? पाव वाटी उकळतं पाणी घाला. थंड ओतलं तर शिजणं थांबतं आणि वरचा थर गिळगिळीत होतो.

टोमॅटोने इथे हमखास घोळ होतो. आंबटात पास्ता उशिरा मऊ पडतो, चिंचेच्या पाण्यात डाळ शिजत नाही तसंच. टोमॅटोची प्युरी पास्ता तीन-चतुर्थांश शिजल्यावरच घाला. कांदा-लसूण मसालाही तेव्हाच, म्हणजे तळाला लागून करपत नाही.

दुधात सुरुवातीपासून शिजवू नका. दूध तळाला लागतं आणि पास्ता शिजायच्या आत घट्ट होतं. पाण्यात शिजवून वेळेच्या तीन मिनिटं आधी गाळा, मग २०० ग्रॅमला ३०० मिली गरम दूध घालून मंद आचेवर पुरा करा.

१५. गाळताना पाणी किती राखून ठेवायचं? आणि पास्ता थंड पाण्याने धुवायचा का?

दोन माणसांमागे एक वाटी, गाळायच्या आधी काढून ठेवा. गाळणी सिंकमध्ये ठेवून ओतल्यावर आठवण येते आणि तोवर पाणी गेलेलं असतं, म्हणून वाटी गाळणीतच ठेवून द्या. या पाण्यातलं स्टार्च तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतं, त्यामुळे सॉस फुटत नाही आणि पास्त्याला लपेटून बसतो. पाणी कमी घेतलं असेल तर हे पाणी जास्त दाट असतं. कमी पाण्यात शिजवण्याचा आम्हाला सगळ्यात आवडणारा फायदा तो हाच. सॉसमध्ये आधी अर्धीच वाटी घाला, मिनिटभर हलवून बघा, मग लागेल तसं.

धुवायचा फक्त सॅलडसाठी. धुतल्यावर तीच खळ निघून जाते जिच्यावर सॉस बसतो.

उरलेलं पाणी आमटी दाट करायला किंवा कणीक भिजवायला चालतं, फक्त तिथलं मीठ तेवढं कमी करा. तुळशीला किंवा कुंड्यांना घालू नका, त्यात मीठ आहे.

१६. स्पॅगेटी भांड्यात मावत नाही. मोडून घालू की पाणी वाढवू?

दोन्ही नको. खोल भांड्याऐवजी रुंद कढई किंवा पसरट तवा घ्या, त्यात ती आडवी झोपते आणि १०० ग्रॅमला अर्धा लिटर पाणीही तिला बुडवतं. खोल भांडंच असेल तर जुडी उभी सोडा, अर्ध्या मिनिटात बुडालेला भाग वाकतो, मग उलथन्याने वरचा हलके आत ढकला. मोडून चवीत फरक पडत नाही, पण मोडलेले तुकडे समांतर पडून जास्त चिकटतात, तेव्हा मोडलीच तर दुप्पट ढवळा.

१७. वाढदिवसाला ५० माणसांचा पास्ता करायचा आहे. ४० लिटर पाणी कुठून आणू?

माणशी ८० ग्रॅम धरला तर ४ किलो पास्ता. तो एकदम एका भांड्यात घालू नका, उकळी परत येईपर्यंत तळाचा थर बसतो. एका वेळी एक किलोचा घाणा करा.

मोठ्या भगोण्यात ६ लिटर पाणी, ५० ते ६० ग्रॅम मीठ. एक किलो शिजवा आणि मोठ्या झाऱ्याने उपसून काढा, पाणी ओतू नका. त्यात दीड लिटर पाणी आणि १५ ग्रॅम मीठ घालून परत उकळा, दुसरा किलो घाला. त्यानंतर पाणी फार दाट होतं आणि उतू जातं, तेव्हा ते बदला. असं केलं की चार किलोला १५ लिटरमध्ये भागतं.

आदल्या वेळी करून ठेवायचा असेल तर प्रत्येक घाणा वेळेच्या तीन मिनिटं आधी काढा, परातीत पातळ पसरा, किलोला दोन मोठे चमचे तेल चोळा. ढीग करून ठेवलात तर आतल्या वाफेनेच तो शिजत राहतो. दोन तासांत वापरणार नसाल तर निवल्याबरोबर फ्रिजमध्ये. वाढायच्या वेळी उकळत्या पाण्यात पाऊण मिनिट बुडवा किंवा थेट कढत सॉसमध्ये टाका. अशा पास्त्याला सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवा, कारण राहिलेलं पाणी तो सॉसमधूनच ओढून घेणार.

१८. शाळेच्या डब्यात दुपारपर्यंत पास्ता कोरडा ठणठणीत होतो. सकाळी पाणी कमी पडतं का?

शिजवतानाचं पाणी बरोबर असतं, सॉसमधलं कमी पडतं. शिजलेला पास्ता निवतानाही ओल ओढत राहतो. सकाळी ताटात वाढायला ठीक वाटेल त्याहून सॉस पातळ ठेवा, एका डब्यामागे राखलेलं पाणी दोन मोठे चमचे जास्त घाला आणि पास्ता मिनिटभर आधी काढा. डबा भरताना पास्ता कढत नको, कोमट असू द्या. झाकणाच्या आत साचलेली वाफ थेंब होऊन वरच्या थरावर पडते आणि तो भिजट होतो, खालचा मात्र कोरडाच राहतो.